जूरी ड्यूटीचं पत्र आलंय? पहिल्या दिवसाची तयारी अशी करा

अमेरिकेची सिटिझनशिप झाली, पासपोर्ट आला, पार्टी झाली, आणि मग एक दिवस पोस्टात कोर्टाचं पाकीट येतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे काही केलेलं नसतानाही पोटात गोळा येतो. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जूरी म्हणजे नानावटीच्या केसमधली?" हो, तीच, साध्या नागरिकांनी कोर्टात बसून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायचं. १९५९ मध्ये मुंबईत जूरीतल्या नऊपैकी आठ जणांनी खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष ठरवलं, पुढे भारतात जूरी बंदच झाली. इथे कॅलिफोर्नियात मात्र रोज चालू आहे, मी दोनदा जाऊन आलोय, म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या राज्यात असाल तर नियम वेगळे असू शकतात, आपापलं समन्स, म्हणजे कोर्टाचं बोलावण्याचं पत्र, बघा.

पत्र आल्या आल्या

दोन्ही बाजूंनी वाचा. नावं मतदार यादी, डीएमव्ही (ड्रायव्हिंग लायसन्सचं खातं) आणि आता टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतूनही काढतात, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही पत्र येतं. तसं असेल तर फेकून देऊ नका, सिटिझन नाही यावर टिक करा आणि परत पाठवा. चुकूनसुद्धा सिटिझन आहे म्हणून सांगू नका, पुढे इमिग्रेशनला फार महागात पडतं. सिटिझन असून पत्राला उत्तरच दिलं नाही तर १,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

भारताची तिकिटं काढलेली असतील तर तारीख पुढे ढकलता येते, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन दोन मिनिटांचं काम आहे. आई-बाबा सिटिझन आहेत पण इंग्रजी कळत नाही, तर फॉर्मवर तसं सांगायची सोय असते. सत्तरीच्या पुढे तब्येतीचं कारण दिलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागत नाहीत. आणि फोन करून कोणी म्हणालं की तुम्ही जूरीला आला नाहीत, दंड गिफ्ट कार्डने भरा, तर तो चोर आहे, फोन ठेवून द्या.

ऑफिसात लगेच सांगा. जूरीला गेलात म्हणून कंपनी काढू शकत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असा कायदा नाही, तेव्हा एचआरला आधी विचारून घ्या. कोर्ट पहिल्या दिवसाचं काहीच देत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर, म्हणजे आपलं चहापाणी.

आदल्या संध्याकाळी

समन्सवर तुमचा ग्रुप नंबर असतो. संध्याकाळी पाचनंतर कोर्टाच्या साइटवर किंवा फोनवर बघायचं की उद्या तो ग्रुप बोलावलाय का. मी पहिल्या वेळी हे न बघता सकाळी सुट्टी टाकून पावणेआठला तिथे हजर, गार्डने कागद बघितला आणि म्हणाला तुमचा ग्रुप आज नाहीच. गाढवपणा माझाच.

बॅगेत समन्स, आयडी, चार्जर, पुस्तक, डबा आणि स्वेटर, एसी भयंकर असतो. बायकोने पेरू कापायला डब्याबरोबर छोटी सुरी दिली होती, ती सिक्युरिटीत अडकली आणि मला पार्किंगपर्यंत परत पळावं लागलं. कपडे ऑफिसला घालतो तसे, हाफ पँट नको.

तिथे गेल्यावर

आधी नुसतं बसायचं असतं, कधी तीन-तीन तास. क्लार्क नावं वाचताना मध्येच अडखळली की समजायचं आपलंच, हात वर करायचा.

मग कोर्टरूममध्ये नेतात, शपथ देतात आणि केसवर कोणाला घ्यायचं हे ठरवायला प्रश्न सुरू होतात: काम काय करता, नवरा-बायको काय करते, घरात कोणी पोलिसात आहे का, कधी तुमच्याकडे चोरी झालीये का. उत्तर छोटं आणि खरं द्या. आपल्या लोकांची भीती असते ॲक्सेंटची, त्याने काही फरक पडत नाही, कळलं नाही तर सरळ परत विचारा. काही खासगी असेल तर सगळ्यांसमोर नको, जज्जना वेगळं सांगायचंय असं म्हणता येतं.

खरा विचार घरून करून जायचा तो एकाच गोष्टीचा. पोलिसांनी पकडलंय म्हणजे काहीतरी केलं असणारच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे उलटं आहे, समोरचा माणूस या क्षणाला निर्दोष आहे, सिद्ध करायचं काम सरकारी वकिलाचं, आणि आरोपी एक शब्द बोलला नाही तरी त्याचा अर्थ काढायचा नाही. जज्ज विचारतात, हे जमेल का? माझ्या शेजारचे काका "आय विल ट्राय" म्हणाले, मग वकिलाने त्यांना त्यावरच पाच मिनिटं धरलं. जमेल किंवा नाही जमणार, जे असेल ते बोला. सुटका करून घ्यायला भलतंसलतं काहीतरी बोलायचे सल्लेही मिळतात, ते विसरा, तुम्ही शपथेवर आहात.

वकिलांना ठराविक लोकांना कारण न देताही घरी पाठवता येतं, त्यामुळे तुमचा नंबर घेऊन "थँक अँड एक्सक्यूज" (आभार, तुम्ही जाऊ शकता) म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. पहिल्या दिवशी कुठल्याच केसवर घेतलं नाही तर निदान वर्षभर सुट्टी.

आणि घेतलं, तर केस संपेपर्यंत कोणाशी त्यावर बोलायचं नाही, गुगल करायचं नाही, जागा बघायला जायचं नाही, फॅमिली ग्रुपवर तर काहीच टाकायचं नाही. दुसऱ्या वेळी मला घेतलं. आई रोज रात्री फोनवर विचारायची, आज काय झालं रे, आणि मी तिला डब्यात काय होतं ते सांगायचो.