पाळी जाताना अंगाला सुटणारी खाज : या चुका टाळा

संध्याकाळी परकराची नाडी सोडली की कमरेला खाज सुटायची, ती झोप लागेपर्यंत. मग पोटऱ्या, मग पाठीवरची ती जागा जिथे हात पोचत नाही. अंगावर ना पुरळ ना लाली. नख ओढलं की पांढरी रेघ उमटायची आणि बारीक कोंडा पडायचा. कधी मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, दिवा लावून बघावं तर काही नाही. तेव्हा मी ४७ वर्षांची होते. पाळी दोन-दोन महिने पुढे जात होती आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही. ओळखीतल्या सगळ्या म्हणाल्या, उष्णता वाढली. मी सब्जा प्यायले, गुलकंद खाल्ला, दिवसातून दोनदा साबण लावून अंघोळ केली. खाज वाढतच गेली.

आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास कायमची थांबते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक वरखाली होत उतरत जातं. त्वचेतलं तेल, पाणी धरून ठेवायची ताकद आणि कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, हे सगळं या संप्रेरकाच्या आधारावर असतं. पाळी थांबल्यावर पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. वरच्या थरातली स्निग्धता घटते, आतलं पाणी उडून जातं आणि एरवी सहज सोसणारा साबण, घाम, लोकर आता टोचू लागते. म्हणजे या खाजेत मळाचा किंवा ‘रक्त खराब झाल्या’चा भाग नसतो. त्वचा उपाशी असते, आणि आपण तिला धूत सुटतो. माझ्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून झाल्या.

कढत पाणी, साबण आणि घासणी

थंडीत गीझरचं कढत पाणी अंगावर घेतलं की खाजेला तेवढ्यापुरतं फार बरं वाटतं. पण तेच पाणी उरलंसुरलं तेल काढून नेतं आणि तासाभरात अंग ताणल्यासारखं होतं. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५. अंगाच्या साध्या साबणाचा ९ ते १०. चाळिशीपर्यंत त्वचा हे सावरून घेते, नंतर तिला वेळ लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी वाईट, कारण साबणाचा चिकट थर धुऊनही अंगावर राहतो.

कोमट पाणी, ५ ते १० मिनिटं, आणि साबण फक्त काखा, जांघा, पावलं एवढ्यांनाच. हातांना, पोटऱ्यांना, पाठीला नुसतं पाणी पुरतं. तुम्ही अस्वच्छ राहणार नाही, हे मला स्वतःला पटायला महिना लागला. साबणाशिवाय चैनच पडत नसेल तर ‘सिंडेट बार’ मागा. दिसायला वडीसारखाच असतो, पण त्याचा पीएच त्वचेच्या जवळचा असतो. प्लॅस्टिकची घासणी ठेवून द्या. वज्री टाचांपुरतीच. दिवाळीचं उटणं हौसेने लावा, पण रोज डाळीच्या पिठाने अंग घासणं या वयात बंद करा.

तेल आधी, मग साबण

ही चूक घरोघरी होते, कारण आपली पद्धतच अशी आहे: तेल लावायचं, मुरू द्यायचं, मग उटणं किंवा साबण लावून ‘चिकट’ काढायचं. साबणाने ते तेल निघून जातं आणि सोबत त्वचेचं स्वतःचंही नेतं. आधी तेल लावायला हरकत नाही. मात्र नंतर साबण नको.

खरी वेळ अंघोळीनंतरची. टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. अंग ओलसर असतानाच, ३-४ मिनिटांच्या आत, मलम किंवा तेल लावा. खोबरेल तेल या कामाला चांगलं, मोहरीचं नको, ते आधीच चिडलेल्या त्वचेला झोंबतं. ग्लिसरीन लावणार असाल तर पाणी मिसळून ओल्या अंगावर, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, म्हणजे ओल आत राहते. उललेल्या टाचांना कोकणात कोकमाच्या बियांचं मुठेल लावतात, ते खरोखर कामाचं आहे. फार जाड कातडी झाली असेल तर युरिया असलेलं क्रीम.

सुगंधी लोशन टाळा. वास जितका छान, तितका चिडलेल्या त्वचेला त्रास. आणि लावताना हात आखडता नको. लोशनची छोटी बाटली तुम्हाला दोन महिने पुरत असेल, तर तुम्ही ते फारच कमी लावताय. महागड्या डबीपेक्षा साधं, बिनवासाचं, मोठ्या डब्यातलं क्रीम दिवसातून दोनदा लावलेलं मला जास्त मानवलं.

दुकानातून आणलेली ट्यूब

याबद्दल मला फार तळमळ वाटते. ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की काउंटरवरून जी ट्यूब मिळते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती ट्यूब घरात फिरते, शेजारी जाते. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, आणि पाळी जाताना ती आधीच पातळ होत असते. कमरेला, जांघेत नायटा असेल तर तो वरून दबतो, आतून पसरतो आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. चेहऱ्यावर लावलं तर सोडताना आग, लाली, पुरळ. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही. मीही अशी ट्यूब तीन आठवडे लावली होती. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

रोज रात्री ॲलर्जीची गोळी घेणंही तसंच. झोप येते, कोरडेपणा तिथेच राहतो.

केसांचा रंग आणि टिकली

ज्या वयात पाळी जाते, त्याच वयात आपण केस रंगवायला लागतो. मानेला, कानामागे, कपाळाच्या कडेला खाज असेल तर आधी रंगाकडे बघा. काळ्या डायमध्ये, आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांमध्येही, पीपीडी नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं सोसलेलं ते एक दिवस अचानक सोसेनासं होतं. टिकलीच्या गोंदाचं, खोट्या दागिन्यांतल्या निकेलचं तेच. महिनाभर बंद करून बघा, बरंच काही कळतं.

सगळंच पाळीवर ढकलणं

ही उलट बाजूची चूक, आणि धोक्याची. नीट काळजी घेऊनही ३-४ आठवड्यांत फरक पडला नाही, तर थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्या. या प्रत्येकाच्या बिघाडात अंगाला खाज येते. डोळे पिवळे दिसले, वजन उतरलं, रात्री घामाने कपडे भिजले तर थांबू नका. घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज. तिला सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं. आणि गांधी उठून काही तासांत विरत असतील तर ते पित्त, त्याचा इलाज वेगळा.

‘तिथली’ खाज लपवणं

योनीमार्गाची आणि बाहेरची त्वचाही इस्ट्रोजेनवरच पोसलेली असते. ती कोरडी पडते, आग होते, लघवीला जळजळ होते, संबंध नकोसे होतात. बायका वर्षानुवर्षं सांगत नाहीत. साबणाने जास्त धुतात, पाण्यात अँटिसेप्टिक घालतात, बुरशीचं मलम पुन्हा पुन्हा लावतात. धुण्याने ती जागा आणखी सोलवटते. तिथे नुसतं पाणी पुरे. अंतर्वस्त्रं सुती, सैल. स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देऊ शकतात, त्याने पुष्कळ आराम पडतो. मात्र पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते आधी सांगायला हवं. पांढरे, चकाकते डाग दिसले तर तो वेगळा आजार असू शकतो, त्यावर लवकर उपचार लागतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा.

डॉक्टरांसमोर शब्द सापडत नसतील, सोबत सून किंवा मुलगा असेल, तर त्यांना बाहेर बसवा आणि एवढंच म्हणा : ‘पाळी गेल्यापासून खाली आग होते, खाज येते. तपासून बघा.’ पुढचं डॉक्टर विचारतील.