वजन कमी करायचंय? मग आधी तेलाचा चमचा मोजा

वजन कमी करायचं ठरवलं की बरेच जण पहिल्याच दिवशी सगळं बंद करतात, भात बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि मग आठ-दहा दिवसांनी एवढी भूक साठलेली असते की उभ्या उभ्या अर्धा डबा रिकामा होतो. मी पण हे दोन-तीनदा केलंय आणि दर वेळी कमी झालेलं वजन परत आलं, वर थोडं जास्तच. म्हणून कळकळीने सांगते, काहीही बंद करायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा, आपल्या पोटात नक्की काय काय जातंय ते.

सुरुवात तेलापासून करा. भाजीला नेहमी घालता तेवढंच तेल घ्या, पण कढईत न ओतता आधी वाटीत ओता आणि मग मोठ्या चमच्याने मोजून कढईत घाला. मला वाटायचं मी दोन चमचे घालते, मोजले तर पाच निघाले! एका मोठ्या चमच्यात साधारण 120 कॅलरी, म्हणजे तीन चमचे जास्तीचे म्हणजे 360, चार जणांत वाटल्या तरी प्रत्येकाच्या पानात 90, आणि हे फक्त एका भाजीचं झालं. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, साखर किंवा पिठात 4, त्यामुळे तेलात हात जरासा सैल सुटला तरी हिशोब कुठच्या कुठे जातो. तेल वाईट नाहीये हां, शरीराला ते लागतंच, फक्त बाटलीतून डायरेक्ट ओतायचं बंद करा. कोणतंही तेल असू दे, कॅलरी जवळपास तेवढ्याच.

दुसरी जागा म्हणजे पिण्याच्या गोष्टी. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर, की झाली तीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला जास्तीत जास्त 50 ग्रॅम आणि शक्यतो 25. कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्येच 35 ग्रॅमच्या आसपास जाते. फळांचा ज्यूस पण याच हिशोबात धरतात बरं का, अख्खं फळ नाही धरत. साखर एकदम सोडू नका, अर्धा अर्धा चमचा कमी करत जा, दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते आणि मग जुना चहा स्वतःलाच गोडमिट्ट लागतो.

ताटाचं गणित सोपं आहे. अर्धं ताट भाज्या आणि सॅलड, पाव भाग धान्याचा आणि पाव भाग प्रोटीनचा, मग डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दही जे तुम्ही खात असाल ते. भाज्या-फळं मिळून दिवसाला निदान 400 ग्रॅम पोटात जायला हवीत आणि त्यात बटाटा धरत नाहीत. प्रोटीन कमी पडलं की दोन तासांत परत काहीतरी चघळावंसं वाटतं, हे स्वतःवर करून बघा, नाश्त्याला नुसती बिस्किटं खाल्ली तर दुपारपर्यंत किती वेळा डब्यांकडे हात जातो आणि अंडी खाल्ली तर किती वेळा.

आणि खाताना मोबाईल, टीव्ही लांब ठेवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि आपण सात मिनिटांत ताट चाटूनपुसून मोकळे झालेलो असतो! दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबा, तरीही भूक असेल तर खुशाल घ्या. मुलांच्या ताटात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तोंडात टाकणं, स्वयंपाक करताना चव बघत बघत खाणं, हे कोणी मोजतच नाही. उरलं तर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं ठेवायची जागा नाही.

चालायला जा, आठवड्याला 150 मिनिटं तरी, पण अर्धा तास चालून साधारण शंभर-दीडशे कॅलरीच जातात, तेव्हा चालून आलो म्हणून एक्स्ट्रा खाल्लं तर ते लगेच भरून निघतं. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम पण करा, कारण वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही झिजतात. आणि झोप! झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, रात्री जागरण झालं की दुसऱ्या दिवशी नेमकं गोड आणि तळलेलंच खावंसं वाटतं ते उगाच नाही.

वजन सकाळी उपाशीपोटी करा आणि आठवड्याची सरासरी बघा. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, की पाण्यानेच किलो-दोन किलो वर जातं, त्याने रडकुंडीला येऊ नका. आठवड्याला अर्धा किलो कमी होत असेल तर छान चाललंय. कंबरही मोजा, ती उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी.

डायबेटिसची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल, बाळाला दूध पाजत असाल तर खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला. आणि काहीही न करता वजन उतरायला लागलं तर खुश न होता आधी तपासणी करून घ्या, प्लीज.

काही महिन्यांनी काटा अडकतो, सगळ्यांचाच, कारण हलक्या शरीराला कमी कॅलरी लागतात. तेव्हा घाबरून जेवण अजून कापू नका, परत आठवडाभर सगळं लिहून काढा, तोंडात टाकलेला दाणा न् दाणा, कारण बहुतेक वेळा चमचा पुन्हा हळूहळू मोठा झालेला असतो.