एनडीएसाठी पोलीस पडताळणी: कागद कुठे अडतो आणि तो कसा सोडवायचा

एसएसबीचे, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचे, पाच दिवस झाले, मेडिकल फिट आलं, यूपीएससीच्या अंतिम यादीत नाव लागलं. आता खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जाण्याआधी जे कागद जमवायचे असतात, त्यात पोलीस पडताळणीची धास्ती सगळ्यांनाच वाटते. खरं तर सतरा-अठरा वर्षांच्या बहुतेक मुलामुलींच्या नावावर पोलिसांकडे काहीच नसतं. तरीही कागद अडतो, आणि तो गुन्ह्यामुळे क्वचितच अडतो. पत्ता जुळत नाही, नाव जुळत नाही किंवा फॉर्ममधला एखादा रकाना घाईत भरलेला असतो, म्हणून अडतो. त्यामुळे पोलीस ठाण्यात जाण्याआधी घरी बसून करायचं काम जास्त आहे.

सर्वात आधी तुमच्याकडे नेमकं काय मागितलं आहे ते बघा. ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एकात तुम्ही स्वतः अर्ज करून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यायचा आणि तो जमा करायचा. दुसऱ्यात तुम्ही फक्त पडताळणीचा नमुना भरून द्यायचा. तो संबंधित कार्यालयाकडून तुमच्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे जातो आणि अहवाल परस्पर परत जातो, तुमच्या हातात काहीच येत नाही. जॉइनिंगच्या सूचनापत्रात यातलं काय हवं, किती प्रतींत हवं आणि कोणाच्या सहीचं हवं हे लिहिलेलं असतं. ते पत्र दोनदा वाचा. शेजारच्या मुलाने मागच्या वर्षी काय दिलं होतं, यावर जाऊ नका.

तिसरी एक गोष्ट आहे, ती इथे चालत नाही: पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट). ते परदेशातली नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असतं. नाव सारखं वाटतं म्हणून काही पालक तिकडे पैसे भरून मोकळे होतात.

आधी पत्त्यांची यादी करा

केंद्र सरकारच्या पडताळणी नमुन्यात गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे एक वर्षापेक्षा जास्त काळ राहिलात, ते सगळे पत्ते विचारलेले असतात. नेमकं इथेच मुलं चुकतात. आधार कार्डावर गावचा पत्ता आहे म्हणून तेवढाच लिहितात. पण अकरावी-बारावी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत (एसपीआय) काढली असेल, त्याआधी साताऱ्याच्या सैनिक शाळेच्या वसतिगृहात असाल किंवा क्लाससाठी लातूरला खोली घेतली असेल, तर तेही तुमचे राहण्याचे पत्तेच. प्रत्येक पत्त्यासमोर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत राहिलात ते लिहा, आणि तो भाग कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो तेही. हद्द अंदाजाने लिहू नका. शहरात रस्त्याच्या अलीकडे एक ठाणं आणि पलीकडे दुसरं असं सर्रास असतं. चुकीच्या ठाण्याला गेलेला कागद ‘आमच्या हद्दीत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो, आणि तेवढ्यात बरेच दिवस निघून जातात.

पत्ते दोन जिल्ह्यांतले असले की चौकशीही दोन्हीकडे होऊ शकते. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी संस्थेकडून ‘अमुक काळात येथे निवासी होता’ असा दाखला आधीच घेऊन ठेवा. त्या ठाण्यातून विचारणा झाली तर संस्थेचा क्लार्क सुट्टीवर आहे म्हणून काम थांबत नाही.

नावाचंही तसंच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात ‘राव’ आणि बाकी ठिकाणी नाही. क्रम बदलल्याने सहसा बिघडत नाही, स्पेलिंग बदललं की प्रश्न येतो. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. नाव रीतसर बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या नावाने ओळखले जात असाल, तर ‘उर्फ’ नावाच्या (alias) रकान्यात ते लिहून टाका.

फॉर्ममधले प्रश्न नीट समजून घ्या

नमुन्यात एकापाठोपाठ प्रश्न येतात: कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र घेतलं का, न्यायालयाने दंड केला का, शिक्षा झाली का, कुठल्या परीक्षेतून किंवा विद्यापीठातून काढून टाकलं का, सध्या एखादा खटला प्रलंबित आहे का. बहुतेक मुलं सगळीकडे ‘नाही’ लिहून पुढे जातात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण प्रत्येक प्रश्न वेगळा वाचा.

बंधपत्राचा प्रश्न फसवा आहे. गावात गणपतीच्या मिरवणुकीत किंवा निवडणुकीच्या वेळी दोन गटांत वाद झाला, तर पोलीस प्रतिबंधक कारवाई करतात आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं. लोक त्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. पूर्वी ही कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. ‘ती काही केस नव्हती, नुसती सही घेतली’ असं घरचे सांगतात. फॉर्म मात्र नेमकं त्या सहीबद्दलच विचारतो.

ऑनलाइन भरलेलं वाहतुकीचं ई-चलन आणि न्यायालयात उभं राहून भरलेला दंड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रश्नात ‘न्यायालयाने’ हा शब्द असेल, तर दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख करावा लागतो.

फॉर्मच्या सुरुवातीलाच इशारा असतो: खोटी माहिती देणं किंवा खरी माहिती लपवणं ही स्वतःच अपात्रता ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात याच विषयावर तत्त्वं घालून दिली. माहिती खरी द्यायलाच हवी. पण कोवळ्या वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ गोष्ट असेल, तर ती लपवलेली असली तरी नेमणूक करणारा आपल्या अधिकारात दुर्लक्षित करू शकतो. माझं मत विचाराल तर या सवलतीच्या भरवशावर काहीही दडवू नये. किरकोळ गोष्ट सांगितल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ती दडवल्याने होतं.

अठरा वर्षांच्या आत घडलेल्या प्रकरणाची गोष्ट वेगळी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. सोळा वर्षं पूर्ण केलेल्या ज्या मुलावर गंभीर प्रकरणात प्रौढाप्रमाणे खटला चालवला जातो, त्याला हे संरक्षण नाही. अशी पार्श्वभूमी असेल तर हा रकाना वकिलाला विचारूनच भरा, सायबर कॅफेवाल्याला विचारून नाही.

अर्ज आणि चौकशी

दाखला स्वतः घ्यायचा असेल, तर महाराष्ट्र पोलिसांच्या पोलीस क्लिअरन्स सर्व्हिस पोर्टलवर खातं काढून अर्ज करता येतो. फोटो, ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, आणि ज्यासाठी दाखला हवा ते निवडीचं पत्र स्कॅन करून तयार ठेवा. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘नोकरी’ लिहू नका, अकादमीचं नाव आणि कोर्स लिहा.

अर्ज शहरात पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेकडून आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून तुमच्या ठाण्यात येतो. ठाण्यात हे काम गोपनीय शाखेचे अंमलदार बघतात. म्हणून गेल्यावर ‘साहेब कुठे आहेत’ असं विचारत बसू नका, ‘गोपनीयचं काम कोण बघतं’ असं विचारा. ते रेकॉर्ड तपासतात, मूळ कागद पाहतात आणि अनेकदा घरी येतात किंवा शेजाऱ्यांकडे विचारपूस करतात. खेड्यात पोलीस पाटलांनाही विचारलं जातं. फॉर्ममध्ये ज्या दोन ओळखीच्या जबाबदार व्यक्तींची नावं देता, त्यांना आधी सांगून ठेवा. पोलीस दारात येऊन मुलाबद्दल विचारू लागले की भलाभला माणूस ‘मला काही माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो.

दाखल्याचं अधिकृत शुल्क पोर्टलवर भरलं जातं. चौकशीला आलेल्या माणसाला वेगळं काही द्यायचं नसतं. कोणी मागितलंच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

पाठपुरावा करताना एकच गोष्ट विचारा: जावक क्रमांक आणि तारीख. अहवाल ठाण्यातून निघाला की त्याला जावक क्रमांक पडतो. तो घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जिल्हा विशेष शाखेत गेलात तर टेबलावरचा माणूस रजिस्टर उघडून सांगतो. नुसतं ‘आमचं काम झालं का’ असं विचारलं, तर ‘चौकशी चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

रेकॉर्डवर खरंच काही निघालं तर

घाबरून एजंटाकडे जाऊ नका. प्रकरण संपलं असेल तर ते संपल्याचा कागद मिळवा. निर्दोष सुटका झाली असेल, तर न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत. तपासातच नाव वगळलं गेलं असेल, तर अंतिम अहवालाची प्रत. तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर पोलीस ‘बी समरी’ पाठवतात, आणि गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असेल किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा असेल तर ‘सी समरी’. न्यायालयाने ती मंजूर केल्याचा आदेश सोबत हवा. पोलिसांच्या संगणकात जुनी नोंद प्रलंबित दिसत असेल, तर हा आदेश जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे काम यादी लागण्याची वाट न बघता, एसएसबीला जाण्याआधीच उरकलेलं बरं. यादी लागल्यावर हातात फारसे दिवस उरत नाहीत.

दाखला हातात आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता तिथेच वाचून बघा. बंद पाकिटात दिला असेल तर ते फोडू नका, पाकिटावरचा क्रमांक तेवढा टिपून घ्या. दाखला किती जुना चालतो हे सूचनापत्रात पाहून त्या बेताने अर्ज करा. फार आधी काढून ठेवलेला दाखला पुन्हा काढावा लागतो.

आणि फॉर्म पाठवल्यानंतर, रुजू होण्याआधी एखादी अटक किंवा खटला असं काही घडलंच, तर ते ज्या कार्यालयाला फॉर्म दिला त्याला लगेच लेखी कळवायचं असतं. न कळवणं हे माहिती लपवण्यात मोजलं जातं, असं त्याच नमुन्यात छापलेलं असतं.