वारा पडला की लेझर कशी चालवायची

वारा ५ नॉटच्या (ताशी सुमारे ९ किमी) खाली उतरला की लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, आताची आयएलसीए) रखडते आणि हात आपसूक मेनशीटकडे, म्हणजे शीड आत-बाहेर करणाऱ्या दोरीकडे, जातो. ओढू नका. ओढली की बूम (शिडाखालची आडवी काठी) खाली येतो, शिडाची मागची कड आवळली जाते, वरच्या भागातल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि बोट जागीच थांबते. वाऱ्याकडे चढताना बूमचं टोक बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर किंवा किंचित बाहेरच असू द्या.

व्हँगची (बूमला खाली धरणाऱ्या दोरीची) फक्त ढिलाई काढायची, बूम खाली खेचायचा नाही. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) पूर्ण सैल; डोलकाठीजवळ सुरकुत्या पडल्या तर पडू द्यात. आउटहॉलबाबत (शिडाचा तळ बूमच्या टोकाकडे ताणणारी दोरी) मात्र पुष्कळांचा समज उलटा असतो: हवा कमी, म्हणून शिडाला पोट जास्त. अगदी मंद हवेत खोल पोटावरून वळण्याइतका जोर नसतो, ती मध्येच सुटते. बूमच्या मध्यावर शीड आणि बूम यांत वीतभर नाही, चार बोटांहून थोडं जास्त, १० सेंमीच्या आसपास अंतर पुरे. वारा ८ नॉटवर गेला की पोट वाढवा.

बसायचं कॉकपिटच्या अगदी पुढे, डॅगरबोर्डला (बोटीच्या मध्यातून पाण्यात उतरणाऱ्या फळीला) खेटून. मागे पाण्याची खळखळ ऐकू येते, म्हणजे बोटीची मागची कड पाणी ओढते आहे. अजून पुढे सरका. मग वजन थोडं आत घेऊन बोट शिडाच्या बाजूला कलू द्या. त्यामुळे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं, पाण्याला घासणारा तळ कमी होतो आणि टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) हलकी ओढ जाणवते. टिलर दोन बोटांत धरा. सुकाणूचा प्रत्येक मोठा झटका म्हणजे ब्रेक. वारा पाठीवर घेताना कल उलटा, वाऱ्याच्या बाजूला, आणि डॅगरबोर्ड अर्धा वर.

टॅक करताना (नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना) घाई सगळ्यात महाग पडते. आधी बोट शिडाकडे किंचित कलू द्या, ती आपणहून वळू लागेल. नाक वाऱ्यात आलं की वाऱ्याच्या जुन्या बाजूला जोरात झुका. बूम डोक्यावरून गेला की पलीकडे जा आणि बोट एका दमात, पण मऊपणे सरळ करा. शर्यतीत नियम ४२ (शरीर किंवा शीड हलवून बोट पुढे ढकलण्यावर बंदी) सांभाळा: टॅकनंतरचा वेग टॅक न करता राहिला असता त्यापेक्षा जास्त नको.

मुंबई बंदरात ऑक्टोबरातल्या सकाळी मतलई वारे पडतात आणि खारे वारे सुटेपर्यंत पाणी आरशासारखं असतं. तेव्हा नजर शिडापेक्षा पाण्यावर हवी: गडद, खरखरीत पट्टा दिसला की तिथे वारा आहे. मोठ्या उधाणाला इथे पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे प्रवाह बोटीच्या वेगाला सहज मागे टाकतो. किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा पाहत राहा. मागे सरकताय असं दिसलं तर उथळ पाण्याकडे वळा, तिथे ओढ कमी असते. निघतानाच भरती-ओहोटीचं कोष्टक बघून परतीला प्रवाह सोबत मिळेल अशी वेळ धरा, आणि पॅडल बोटीत बांधून ठेवा.