पोहे-जलेबीची बंदिश: वेडगळ कल्पना समेपर्यंत कशी न्यावी

सकाळी इंदुरात पोह्यांच्या गाडीसमोर उभं राहिलं की गाणाऱ्या कुणालाही वाटतं, यावर एक चीज, म्हणजे बंदिश, बांधावी. बहुतेकांची चीज गाडीपाशीच राहते, कारण पुढे दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "आधी शास्त्र नीट शीक, मग गंमत कर." दुसरा म्हणतो, "कलेत नियम नसतात गं, मनाला येईल ते कर." पहिल्याचं ऐकलं तर चीज होतच नाही, दुसऱ्याचं ऐकलं तर झालेली ऐकवत नाही. दोघांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

तुम्हाला षड्ज लावता येतो, दहा मात्रा मोजता येतात आणि एखादा तबलजी ओळखीचा आहे, एवढं धरून चालते.

पहिली पायरी: वेड एकच ठेवा

शब्द वेडे घेतलेत ना? मग राग, ताल, ठेका, चाल सगळं शहाणं ठेवा. पोह्यांची बंदिश, वर साथीला स्टीलच्या वाट्यांचा जलतरंग आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, कुकरची शिट्टी, असलं काही करू नका. वाट्यांचा मोह फारच झाला तर ते वेगळं गाणं करा, आणि तेव्हा वाट्या खरोखर सुरात लावा: वाजवायच्या वाटीत पाणी वाढवलं की सूर उतरतो, बाटलीत फुंकून वाजवायचं असेल तर पाणी वाढवल्यावर चढतो. मैहरला सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँनी बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग केला. बंदुकीच्या नळीवर राग वाजवणं ही कल्पना कुणालाही खुळचटच वाटेल. पण नळ्या त्यांनी सुरात लावल्या होत्या.

दुसरी पायरी: शब्द मोजा

झपताल घ्या. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे विभाग. वरच्या ओळीत तबल्याचा ठेका, खालच्या ओळीत आपले शब्द (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला):

धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना
पो हे | ज ले बी | कां दा | जी रा वन

एकही अक्षर ओढून बसवावं लागलं नाही. फक्त 'वन' एका मात्रेत घ्यायचं. शिवाय 'खाली', म्हणजे तालातली हलकी, सहावी मात्रा, येते कांद्यावर, तिथे आवाज आपोआप हलका होतो. वेडगळ शब्द असे अलगद तालात बसले तरच पुढे जा. ओढाताण होत असेल तर ताल बदला, शब्दांना पिळू नका.

तिसरी पायरी: राग

हलक्या विषयाला पिलू किंवा खमाज घ्यायचा, हा आळशी सल्ला आहे. चांगला गंभीर राग घ्या, वेळेचा घ्या. पोहे सकाळचे, म्हणून माझी पसंती देसकारला. समेचा 'पो' धैवतावर ठेवा. गंधारावर रेंगाळलात तर भूप होईल, स्वर तेच पाच असले तरी. भूप रात्रीचा. पोहे रात्री खाल्लेले इंदुरात चालतात, पण देसकाराला नाही चालत.

चौथी पायरी: दुसरं आवर्तन

सगळं घोडं इथे पेंड खातं. मीसुद्धा सर्वांत जास्त काळ इथेच अडकून होते.

पहिल्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पहिल्या फेऱ्याला, लोक हसतात. दुसऱ्याला हसू विरतं. तिसऱ्याला कोणीतरी मोबाइल बघतं. त्या क्षणी गाणाऱ्याचा हात आणखी विनोदाकडे जातो: खोपरा पॅटीस घाला, तळलेला गराडू कंद घाला, शिकंजी घाला, भुवया उडवा, आवाज काढा, लय दुप्पट करा. यातलं काहीही करायचं नाही. एकदा हसू आलेल्या जागी पुन्हा हसू मागायला गेलात तर बैठक हातची गेली. भुवया उडवणाऱ्यांचा तर मला मनापासून राग आहे. तुम्हालाच चीज थट्टेची वाटत असेल, तर समोरच्यानं ती का ऐकावी?

दुसऱ्या आवर्तनापासून अर्थ विसरा आणि स्वर-व्यंजनं बघा. 'पो'चा ओकार उघडा आहे, त्यावर धैवत हवा तितका वेळ ठेवता येतो. 'ले'वर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सुंदर येते. 'जीरावन'मधला 'रा' आकाराचा आहे, बोलआलाप, म्हणजे शब्द घेऊन केलेला आलाप, तिथून काढा. 'बी'वर मात्र थांबू नका, ईकार वर गेला की चिरका होतो.

हे काही मी नवीन सांगत नाही. तराण्यात, म्हणजे नुसत्या बोलांच्या चिजेत, "तोम तनन दिर दिर" ऐकताना कोण हसतं? याच इंदूरच्या ख्यालगायक उस्ताद अमीर खाँनी तराण्याच्या बोलांमागे फारसी अर्थ असल्याचं मांडलं, पण तो अर्थ ठाऊक नसलेले श्रोतेही त्यांच्या तराण्यापुढे माना डोलावत बसत. सूर खरे लागले की शब्दांना कोणी जाब विचारत नाही.

अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, पदार्थांची यादी वाढवू नका, गाडीकडे नीट बघा. इंदुरात पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात. अंतरा तार षड्जाकडे चढतो, वाफही चढते:

वा फ | उ ठे ती | रा ज | वा ड्या शी

मग परीक्षा. शब्द काढून टाका आणि स्थायी (पहिला भाग) आणि अंतरा नुसत्या आकारात, म्हणजे 'आ'वर, म्हणा. चीज उभी राहिली तर ठेवा. आडवी झाली तर चाल पुन्हा बांधा, कारण जलेबी तिला वाचवणार नाही. ही परीक्षा एकट्यानं, तानपुऱ्यावर द्यायची. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलंत तर काकू-मावशांचे अंगठे येतील आणि "मस्त गं!" येईल. त्यातून काहीही कळत नाही.

पाचवी पायरी: तबलजी

त्याला सांगा, सरळ ठेका धर, गंमत माझ्याकडे आहे. तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, शब्दांतच तयार आहे. तिसऱ्या मात्रेला, म्हणजे तिच्या नेहमीच्याच जागी, 'जलेबी' उचला आणि लागोपाठ तीनदा म्हणा. दुसरी जलेबी बरोबर खालीवर सुरू होते, तिसरीचा 'बी' समेवर पडतो. मोजून बघा. इथे लोक पुन्हा हसतील, आणि हे हसू पहिल्यापेक्षा वेगळं असेल: आधी ते शब्दाला हसले होते, आता हिशेबाला दाद देतील.

सहावी पायरी

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल पुरतो. पंखा बंद करा.

सातवी पायरी: बैठकीत

"आता एक गंमत ऐकवते" असं म्हणू नका. देसकार, मध्यलय झपताल, एवढंच सांगून षड्ज लावा. आधी एखादी पारंपरिक चीज गाऊन कान बसू द्या, मग ही घ्या. सकाळची बैठक मिळत नसेल तर ही चीज राहू द्या, संध्याकाळी गाऊ नका. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, तर मुळीच नको, तिथे कुणाला खाली-भरी ऐकू येणार आहे?

संपल्यावर कोणीतरी हमखास म्हणेल, "आता कचोरीची करा." नाही म्हणा. भुट्ट्याच्या किसाचा मात्र विचार करायला हरकत नाही. तो सात मात्रांच्या रूपक तालात बसतो: 'भुट्ट्याचा' तीन, 'कीस' दोन. उरलेल्या दोन मात्रांचं तुम्ही बघा.