रेनेसाँसवर लिहिताय? या चुका टाळा

‘रेनेसाँसने माणसाला चर्चच्या तावडीतून सोडवलं.’ निबंध असो की स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, हे वाक्य हमखास भेटतं. यात अर्धा दोष आपल्या शब्दाचा. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या रेनेसाँसलाही मराठीत ‘प्रबोधन’ म्हणतात आणि अठराव्या शतकातल्या एन्लायटनमेंट या विवेकवादी चळवळीलाही. मग एन्लायटनमेंटमधल्या व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाचं चर्चशी भांडण बिनदिक्कत रेनेसाँसचा चित्रकार राफाएल याच्या खात्यावर पडतं. शब्द कोणताही वापरा, पण शेजारी शतक लिहा.

अर्धीच खोली बघणं

ही मला सगळ्यात खुपणारी चूक. राफाएलचं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भित्तिचित्र प्रत्येक पुस्तकात असतं: प्लेटोचं बोट वर, ॲरिस्टॉटलचा पंजा जमिनीकडे. खाली ओळ, की श्रद्धा गेली आणि विवेक आला. पण हे चित्र आहे व्हॅटिकनमध्ये, पोप दुसऱ्या ज्युलियसच्या दालनात. समोरच्याच भिंतीवर त्याच राफाएलने, 1509 ते 1511 च्या त्याच कामात, वेदीवरची, ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकरी, भोवती जमलेले धर्मपंडित आणि वर ख्रिस्त रंगवलाय. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र एकाच खोलीत, एकाच पोपच्या पैशाने. पुस्तकवाले एक भिंत छापतात आणि आपण तिच्यावरून अख्ख्या युगाचा निकाल लावतो!

व्हॅटिकनमधल्याच सिस्टीन चॅपल या प्रार्थनाघराच्या, मिकेलांजेलोने रंगवलेल्या छतावरही सात हिब्रू संदेष्ट्यांच्या जोडीला ग्रीक-रोमन परंपरेतल्या पाच सिबिल, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया, बसल्या आहेत. त्यांनीही ख्रिस्ताची चाहूल दिली होती, अशी समजूत होती. म्हणून त्यांना तिथे जागा.

ह्यूमनिस्ट म्हणजे नास्तिक

नव्हे. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास, नीतिशास्त्र शिकणारा-शिकवणारा तो ह्यूमनिस्ट. प्लेटो लॅटिनमध्ये आणणारा फिचिनो 1473 मध्ये धर्मगुरू झाला. ‘मानवतावादी’ लिहिलंत की वाचकाला भलताच अर्थ लागतो.

मध्ययुगाला ग्रीक-रोमन ठाऊकच नव्हते

मध्ययुगातला इटालियन कवी दान्ते ‘डिव्हाइन कॉमेडी’त परलोक हिंडतो, तेव्हा त्याचा वाटाड्या रोमन कवी व्हर्जिल आहे, एवढं आठवा. मात्र स्वर्गाच्या दारात तो मागे राहतो. बाप्तिस्मा नसल्याने त्याला पुढे प्रवेश नाही.

उलट टोक: सगळं गुण्यागोविंदाने

वरचं वाचून काहीजण इकडे घसरतात. 1497 मध्ये फ्लॉरेन्समध्ये साव्होनारोला या कडव्या धर्मोपदेशकाच्या प्रभावाखाली आरसे, पुस्तकं, चित्रं होळीत गेली. पुढच्याच वर्षी त्यालाही फाशी देऊन जाळलं. मिकेलांजेलोचं सिस्टीनचं छत (1508–1512) आणि तिथल्याच वेदीमागच्या भिंतीवरचं ‘लास्ट जजमेंट’ (1536–1541) यांना एका दमात घेऊ नका. मधे पोपच्या सत्तेविरुद्ध ल्यूथरचं बंड झालं, 1527 मध्ये रोम लुटलं गेलं. हवा पालटली होती. छतावरच्या नग्न देहांसाठी खुद्द पोपने पैसे मोजले होते. खालच्या भिंतीवरचे देह मात्र आता डोळ्यांत सलू लागले. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने धर्मचित्रांतल्या अशोभनीय गोष्टींवर बोट ठेवलं आणि मिकेलांजेलो गेल्यावर दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराला त्या देहांवर वस्त्रं चढवायच्या कामावर नेमलं. लोकांनी त्याचं नाव ‘ब्रागेत्तोने’, म्हणजे चड्ड्या चढवणारा, ठेवलं. चित्रातल्या सेंट कॅथरीनसाठी तर त्याने मूळ गिलावा खरवडून नवा रंगवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस भिंत स्वच्छ करताना नंतरची बरीच वस्त्रं उतरवली, पण कॅथरीनचा हिरवा झगा तसाच राहिला. त्याखाली मूळ चित्र उरलेलंच नव्हतं.