क्रोक्कांते: इटलीची बदाम चिक्की घरी कशी करावी

इटलीत गावोगावच्या जत्रांमध्ये आणि नाताळच्या दिवसांत बदामाची एक कडक, तांबूस वडी विकायला असते. तिचं नाव क्रोक्कांते. दिसायला ती आपल्या चिक्कीसारखीच, पण खाल्ली की फरक कळतो. चिक्कीत गुळाला स्वतःची चव असते, पाक फक्त नीट जमावा लागतो. क्रोक्कांतेत साखर दालचिनीच्या रंगापर्यंत नेतात. तिथवर पोचलेल्या साखरेला खमंग, किंचित कडसर चव येते आणि नुसता गोडवा मागे पडतो. साखर जळेल या धास्तीने सोनेरी रंगावरच गॅस बंद केला, तर हाती बदाम घातलेली गोळ्यांची साखर येते. वाईट लागत नाही, पण ते क्रोक्कांते नव्हे.

प्रमाण सोपं आहे. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या १८९१ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात १२० ग्रॅम बदामांना १०० ग्रॅम साखर दिली आहे. घरासाठी त्याची दुप्पट घ्या: २४० ग्रॅम बदाम, २०० ग्रॅम साखर. शिवाय एक चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, हवी तर संत्र्याची किसलेली साल आणि हाताला-ताटाला लावायला बिनवासाचं तेल. इटलीच्या सिसिली बेटावर आवोला गावचे चपटे, लांबट बदाम नावाजलेले आहेत. इथे ममरा परवडत असेल तर घ्या, नाहीतर साधे कॅलिफोर्नियाचे चालतात. फक्त खवट नसावेत. एक खवट बदाम पूर्ण ताटाची चव घालवतो, म्हणून आधी दोन-चार खाऊन बघा.

बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, निथळा आणि चिमटीत धरून सालं काढा. फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. मग प्रत्येकाचे उभे तीन-चार काप करा. सालीसकट, अख्खे बदाम घालणारेही इटलीत पुष्कळ आहेत आणि तसं केलेलं जास्त रांगडं लागतं; पण पातळ वडी हवी असेल तर काप बरे. हे काप मंद आचेवर, हलका पिवळसर रंग येईपर्यंतच भाजा. पुढे तापलेल्या साखरेत ते आणखी भाजले जाणार आहेत. भाजलेले बदाम गरमच ठेवा. थंड बदाम साखरेत पडले की साखर तिथल्या तिथे आळते आणि गोळे होतात.

गॅसवर साखर ठेवण्याआधी बाकी सगळी तयारी हवी. परातीची पाठ तेलाचा हात लावून, किंवा ओट्यावर बेकिंगचा कागद अंथरून. तेल लावलेलं लाटणं, धारदार सुरी, लाकडी कलथा आणि बाजूला गार पाण्याचं पातेलं. हे पातेलं तुमच्या बोटांसाठी आहे. वितळलेली साखर १७० अंशांच्या आसपास असते आणि कातडीला चिकटून राहते, त्यामुळे ती उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते. लहान मुलांना या वेळात स्वयंपाकघराबाहेर काढा, आणि कलथा चाटून बघण्याचा मोह स्वतःही आवरा.

आता साखर. जाड बुडाची, रुंद आणि आतून फिक्या रंगाची कढई घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. सरावाचा हात असेल तर कोरडी साखर थोडी थोडी घालत मध्यम-मंद आचेवर वितळवा. पहिल्यांदा करताना मात्र साखरेत तीन चमचे पाणी आणि लिंबाचा रस घाला. लिंबामुळे साखर पुन्हा दाणेदार व्हायला कचरते. साखर विरघळली की ढवळणं बंद. कढई फक्त हलकेच फिरवायची. कडेला दाणे चिकटले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा. तरीही साखर वाळूसारखी झालीच, तर टाकून देऊ नका. आच कमी करून धीर धरा, ती पुन्हा वितळते.

आधी बराच वेळ काहीच घडत नाही. मग पिवळट छटा येते, आणि त्यानंतरचे बदल भराभर होतात. मधाचा रंग आला की आच अगदी मंद करा आणि मीठ, संत्र्याची साल, गरम बदाम एकदम घाला. आर्तुसी या टप्प्याला निखाऱ्यांवर फावडंभर राख टाकायला सांगतात, नाहीतर कडू होईल म्हणून. आपल्याकडे गॅसची कळ आहे. बदाम सतत परतत राहा. मिनिटभरात सगळं दालचिनीच्या रंगाचं होईल. तो रंग दिसताक्षणी उतरवा. नाकाला झोंबणारा धूर आला तर मात्र वेळ गेली, ती साखर वाचत नाही.

मिश्रण लगेच परातीवर ओता. पसरवायची इटालियन युक्ती म्हणजे लिंबू: गरम क्रोक्कांते अख्ख्या लिंबाने दाबत पातळ करतात, सालीचा वासही लागतो. आपली कागदी लिंबं लहान, बोटं साखरेच्या फार जवळ जातात. ईडलिंबू मिळालं तर घ्या, नाहीतर वर दुसरा कागद ठेवून लाटण्याने लाटा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून कमी असावी, जाड वडी दातांची परीक्षा बघते.

कापायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. सुरीला तेल लावून वरून सरळ दाबा, ओढू नका. इटलीच्या सार्डिनिया बेटावर याच वड्या शंकरपाळ्याच्या आकारात कापून लिंबाच्या पानावर ठेवतात, त्याला गात्तो म्हणतात. कापण्याआधीच कडक झालं तर परात १५० अंशांच्या ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवा, किंवा सरळ हाताने तुकडे मोडा.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, थरांमध्ये कागद घालून. साखर हवेतलं पाणी ओढते, म्हणून मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे करणं टाळलेलंच बरं; केलंच तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दोन दिवसांत संपवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटून चिकट होतं. डब्याच्या तळाशी उरलेला चुरा खलबत्त्यात भरड कुटून व्हॅनिला आइस्क्रीमवर घाला. कढईला चिकटलेली साखर घासत बसू नका, पाणी घालून उकळा, आपोआप सुटते.